खेमसिंगची चुसनी

माया तोंडाले लागू नये, असं आमच्या तांड्यात आजबी म्हणतात. खरं हाये ते. पण हे तोंड मले जन्मापासून नव्हतं बरं का. लगन होऊन आली तवा सुखीबाई म्हणजे मुकी गाय. घुंगट खाली, नजर खाली, अन् सासू म्हणन ते खरं. तोंड उघडलं ते एका रबराच्या तुकड्यापायी. कसं, ते आयका.

महाराष्ट्र झाला त्याच्या आदल्या होळीची गोष्ट. आमचा तांडा दारव्ह्यापासून दोन कोसावर, टेकडीच्या पोटी. बापजाद्यांनी बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घातला, पण आमी कवाचेच शेतात रुतलो होतो. आमचा मालक देवसिंग. आता या वयात नवऱ्याचं नाव घेतलं तं काय आभाळ कोसळते? त्याची थोडीशी जमीन, अन् बाकी मोसमभर दुसऱ्याच्या वावरात कापसाची वेचणी. वेचणीले घरची एकूणएक बाई जाये. बाळंतीण असो का म्हातारी.

मंग लेकराचं काय? त्याले अफू. मोहरीएवढी गोळी दुधात उगाळायची, बोटानं चाटवायची, का लेकरू दिवसभर झोळीत गप. माय बिनघोर वेचे. आमच्यातच देत असं नाही, गावातल्या बायाबी देत अन् शहरातल्या गिरणीत जाणाऱ्या बायाबी देत. कोणाले त्यात काही वाईट वाटत नव्हतं. माया सासूनं, मोतीबाईनं, आपल्या पाची लेकरांले दिलती. मायेनंच दिलती.

मायी पह्यली पोरगी झमकू. तिले बी दिली. एका दिवशी उन्हं कलली तवा मी झोळी उघडली, तं झमकू निजलेलीच. मी हलवलं, हाका मारल्या, पानी शिंपडलं. उठलीच नाही मायी पोरगी. सासू ऊर बडवून रडली, नजर लागली म्हणे. मी तिच्या ओढणीच्या टोकाची गाठ पाहत राह्यली. त्या गाठीत तिची अफू राहे. पण बोलली काहीच नाही. मुकी गाय ना मी!

खेमसिंग झाला पोळ्याच्या मागंपुढं. बाळंतपण सरलं, वेचणीचे दिवस आले, अन् याडीनं ती गाठ सोडली. सासूले मी याडीच म्हणे.

"याले नाही द्याची," मी म्हणलं.

घरातल्या भिंतीनं बोलावं तसं सगळ्यांनी मायाकडे पाह्यलं.

"नाही द्याची?" याडी म्हणे. "मंग वावरात हा गप कसा राहीन? तू कापूस वेचशीन का अंगाई म्हणशीन?"

"ते मी पाहीन."

"मोठी आली पाहणारी!"

पाहीन म्हणलं खरं, पण काय पाहीन हे मलेच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मोळी घेऊन दारव्ह्याले गेली. तिथं कचेरीतल्या एका कारकुनाची बायको, रजनीबाई, मायाकडून सरपण घेई. मोळी टाकली अन् पाह्यलं, तं तिचं लेकरू पाळण्यात पडून, तोंडात लाल रबराचं बोंड, मागं गोल कडी. चुकचुक चोखे अन् डोळे मिटे.

"बाई, हे काय वो?"

"चोखणी आहे गं. तोंडात दिली की हा पाच मिनिटांत झोपतो. यांनी यवतमाळहून दोन आणल्यात, एक तू घेऊन जा. पण रोज उकळत्या पाण्यानं धुवायची हं."

मी तिच्या पायाच पडली. बिचारी घाबरून मागं सरली. येताना दोन कोस मी चालली का उडाली, मले ठाऊक नाही.

घरी याडीनं ते रबर उलटंपालटं करून पाह्यलं, हुंगलं, अन् पोट धरून हसली. "काय बाप्पा! रबर चोखून कोणाचं पोट भरलं आजपावतर?"

"पोट भराले मी हावो. हे निजाले."

अन् खरंच निजला खेमसिंग! दोनदा ती चुसनी थुंकली, तिसऱ्यांदा धरली, अन् चुकचुक करत गेला झोपी. कोमट श्वास, हाताच्या मुठी सैल. मी नाकाजवळ बोट धरून पाह्यलं. उठवून पाह्यलं. उठला अन् रडला. त्याचं ते रडणं आयकून मले इतका आनंद झाला का सांगता सोय नाही.

मंग काय, वेचणी सुरू झाली. वावराच्या बांधावर निंबाखाली झोळी, झोळीजवळ याडी, अन् मी पार तिकडच्या काकरात, कापसाच्या ओळीत. गंमत पाहा, जी बाई रबराले शिव्या देत होती तीच रबरावर लट्टू झाली. लेकरू जरा चूं करे का याडीचं बोट चुसनीवर. पुन्हा चूं, पुन्हा चुसनी. मले हाक म्हणून नाही. बाया म्हणत, "सुखी, तुयं लेकरू तं अफूवाल्याहून गप हाये वो!" मी फुगून जाये.

पण रजनीबाईनं एक गोष्ट सांगितली नव्हती. तिले तरी कुठून माहीत असन! तिचं लेकरू डब्याच्या दुधावर. घड्याळ पाहून बाटली. चुसनी दिली काय अन् न दिली काय, डब्यातलं दूध काही आटत नाही. मायं दूध डब्यातलं नव्हतं ना.

पह्यले दुपार झाली का मायी कांचळी, आमची आरशांची चोळी, भिजून जाये, मंग मीच झोळीकडे पळे. हळूहळू भिजणं बंद झालं. संध्याकाळी छातीशी घेतला तं खेमसिंग दोन घोट ओढे, चिडे, रडे. मांड्या सुरकुतल्या, तोंडाचं माकड झालं. याडीनं त्याले उजेडात धरून पाह्यलं अन् तिचेही डोळे भरले, खोटं कायले बोलू.

"दूध गेलं तुयं," ती म्हणे. "रबरानं नेलं का नजरेनं नेलं, पण गेलं. आता गोळी दिल्याबिगर हा जगत नाही. गोळीनं निजन, अंगात जीव धरन."

"झमकूनं धरला का जीव?"

पह्यल्यांदाच बोलली मी हे. याडीचा चेहरा असा झाला, जसं मी तिच्या थोबाडात मारली. मंग तिनं सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "होळीपावतर तुयं चालू दे. धुंडीत पोट्टं रडलं अन् साऱ्या तांड्यात आमचं नाक कापलं, तं दुसऱ्या दिवसापासून गोळी. मी माया हातानं देईन. अन् मंग तुया तोंडातून एक शब्द नोको."

देवसिंग मान खाली घालून बसला होता. "होळीपावतर," तो म्हणे. म्हणजे त्यानं बी मोहर लावली.

धुंड म्हणजे काय, ते सांगा लागन. आमच्यात वर्षभरात ज्याच्या घरी पोरगा झाला, त्याच्या दारी होळीच्या दिवशी जवान पोरं, गेरिये, गात-नाचत येतात. लेकराले मांडीवर घेऊन बसतात, त्याच्या डोक्यावर एक काठी आडवी धरतात, अन् गेरिये आपापल्या काठ्या त्या काठीवर खणाखण वाजवतात. मोठा हो, शूर हो, असा आशीर्वाद देतात. आमच्या तांड्याची एक रीत वेगळीच. त्या दणदणाटात जे लेकरू रडलं नाही ते शेर. जे रडलं, त्याच्या बापाले वर्षभर बायका बी चिडवत. अन् आमच्या तांड्यात तं एकजात शेरच निपजत! सगळे धुंडीत डोळे मिटून गप. मी तवा नवी, मलेही वाटे, काय जिगरी लेकरं हायेत हे!

तं होळीपावतर माया हातात जे होतं ते होतं. अन् दूध तं आटूनच राह्यलतं. माया जीव नुसता टांगणीले लागलता.

एका सकाळी आंगणात देवसिंग आमच्या गाईच्या वासराले मुसकं बांधून राह्यलता. जाळीचं मुसकं, तोंडावर. वासरू गाईकडे जाये, थानाले तोंड लावे, अन् मुसक्यामुळं त्याले काही येत नसे.

"काहून बांधलं वो?" मी विचारलं.

"गाय गाभण हाये. आता आटवा लागते. वासरू ओढन तवर दूध उतरतच राहते. ओढणं बंद झालं का आपोआप आटते."

तो आपला सहज बोलून गेला. मी वासराच्या तोंडाकडे पाह्यलं. मंग झोळीतल्या खेमसिंगकडे पाह्यलं. त्याच्या तोंडात चुसनी, बिचारा ओढून राह्यला, ओढून राह्यला, अन् येत काहीच नाही. "अगंऽ माय वो!" मी वरडलीच. दिवसभर भूक लागली का त्याच्या तोंडाले मुसकं! मी धावत गेली, चुसनी काढून फेकली, लेकराले छातीशी लावलं अन् तिथंच भुईवर बसली. नव्हतं येत तरी ओढू दिलं. थोड्या वेळानं पुन्हा. पुन्हा. त्या दिवशी वेचणीले गेलीच नाही.

याडी हातवारे करत आली. "हे काय नवीन?"

"चुसनी वाईट नाही, याडी. येळ चुकली तिची. आजपासून चुसनी मायाजवळ राहीन. पह्यले छाती. पोट भरलं, तरी निजासाठी चुळबूळ करून राह्यला, तं मंग चुसनी. निजला का काढून ठेवाची. अन् भुकेले चुसनी नाही म्हणजे नाही."

"अन् तू तिकडच्या काकरात असल्यावर? मी का त्याले माया सुकल्या छातीशी लावू?"

"मी तिकडं राहीन तं तोही तिकडंच राहीन."

याडीनं कपाळावर हात मारला. देवसिंग कुऱ्हाड घेऊन गेला अन् बाभळीच्या तीन काठ्या तोडून आणल्या. वरून बांधल्या, खालून फाकवल्या, मधात झोळी. वेचणी पुढं सरकली का काठ्या उचलाच्या अन् पुढं रोवाच्या. तेवढंच त्याचं बोलणं, पण मले पुरलं.

बाया लय हसल्या. "सुखीचा पाळणा चालला वो, चालला!" मी मनात म्हणलं, हसा. खेमसिंग आता दिवसभर त्या गलक्यात. माया बांगड्यांची खणखण कानाशी, बायांची गाणी, भांडणं, खिदळणं, गडीमाणसांच्या आरोळ्या. त्याच्यातच प्याचा, त्याच्यातच निजाचा, त्याच्यातच टुकूटुकू पाहाचा. मायी कापसाची ओटी बाकीच्यांपेक्षा उशिरा भरे. भरेना का.

अन् मंग एका दुपारी कापूस तोडता तोडता छातीत अशी कळ आली, अन् कांचळीवरचे आरसे ओले झाले. मी तिथंच ओटीतला कापूस सांडून बसली. हसली बी अन् रडली बी. खेमसिंगनं असं गटागट घेतलं का दोनदा ठसका लागला त्याले. होळी आली तवा त्याच्या मांड्यांवर वळ्या होत्या, अन् हाताची पकड अशी का मायी नथ धरली तं सोडत नसे.

पण एक होतं. पोरगं जागं राहे, अन् जागं लेकरू रडतेच ना. भूक लागली का साऱ्या वावराले कळे. तांड्यातल्या बाया म्हणत, "हा धुंडीत बोंबलणार वो मोतीबाई!" तांड्याचा मुखिया म्हणजे नायक, त्याची बायको मैनाबाई सगळ्यात जास्त म्हणे. तिचा नातू रामसिंग खेमसिंगच्याच वयाचा, अन् त्याची तारीफ तिच्या तोंडून संपता संपत नसे. लेकरू कसं, बाहुली! ठेवलं तिथं राहते!

होळीच्या दिवशी तांड्यात एकच गोंधळ. पळसाचा रंग, डफाचा आवाज, पुरुष गाऊन राह्यलेले, बाया काठ्या घेऊन त्यांच्या मागं. पहाटे पेटवलेल्या होळीचे निखारे अजून धुमसत होते. धुंड पह्यले नायकाच्या दारी, मंग आमच्या. याडी मायाजवळ सरकली. ओढणीचं टोक तिच्या मुठीत.

"सुखी, आयक मायं. एवढीशीच देते. एका दिवसानं काय होते? साऱ्या तांड्यासमोर..."

"नाही."

"रडन तो."

"रडला तं रडला. तुमी म्हणलं होतं, धुंड झाल्यावर. आंधी नाही."

मी खेमसिंगले भरपेट पाजलं अन् चुसनी दिली. गर्दीत एवढाच त्याचा ओळखीचा सोबती.

नायकाच्या दारी रामसिंगची धुंड झाली. गेरियांनी काठ्या अशा वाजवल्या का कानाचे पडदे फाटावे. रामसिंगची पापणी हलली नाही. "वा रे शेर!" लोक ओरडले. मैनाबाईनं मायाकडे पाहून मान वेळावली.

मंग सारी गर्दी आमच्या आंगणात. देवसिंगच्या भावानं खेमसिंगले मांडीवर घेतलं. वर काठी आडवी झाली. गेरियांचा म्होरक्या लखीराम, आडदांड गडी, त्यानं पह्यली काठी हाणली. खाण्ण! खेमसिंगचे डोळे एवढाले झाले. चुसनी जोरजोरात चाले. खणाखण, खणाखण! अन् चुसनी पडली तोंडातून. खालचा ओठ बाहेर आला, थरथर कापला. मले वाटलं, संपलं. बाजूले पाह्यलं, तं याडीची बोटं गाठीवर.

तेवढ्यात खेमसिंगनं मान वर केली. ती खणखण त्याले ओळखीची वाटली का काय, कोण जाणे! दिवसभर माया बांगड्या आयकलेलं लेकरू ते. दोन्ही हात वर केले, लखीरामची काठी खाली आली तशी तिचं टोक गच्च धरलं, अन् ओढून सरळ तोंडात घातलं. चोखाले लागला काठी!

मंग असा हशा पिकला का डफवाला डफ वाजवाचं विसरला. लखीराम काठी ओढे, पोरगं सोडेना. तो जरा जोरात ओढे, तं पोरगं खिदळे. "सोड ना बे शेरा!" लखीराम म्हणे, अन् सोडली त्यानंच. साऱ्या तांड्यासमोर गेरियाची काठी माया सहा महिन्याच्या पोट्ट्यानं हिसकून घेतली! मी घुंगट मागं फेकलं अन् अशी किंकाळी मारली आनंदाची, का तवापासून हे तोंड बंद झालं नाही ते नाही.

त्या हशात मैनाबाई तेवढी हसत नव्हती. ती आपल्या कडेवरच्या रामसिंगकडे पाहून राह्यलती. एवढा गलका, अन् तो मान टाकून तसाच. तिनं त्याले हलवलं. गाल थापटले. "रामसिंग! ए रामसिंग!" हशा विरला. कोनीतरी पानी आणलं. मी पुढं झाली, लेकराले तिच्या हातून घेतलं, पानी मारलं, तळपाय चोळले, चिमटे काढले. मले ठाऊक होतं त्या येळी कसं वाटते ते. झमकूच्या येळी मी एकटी होती. आता सारा तांडा श्वास धरून उभा. अन् मंग रामसिंगनं बारीकसं कण्हलं, तोंड वाकडं केलं अन् रडला. अशक्त, मांजरासारखा. पण रडला! मैनाबाईनं त्याले हिसकून छातीशी धरलं अन् "रड रे राजा, रड," म्हणत स्वतः हमसून रडली.

तांड्यातल्या बायांनी एकमेकींकडे पाह्यलं. आपले शेर काहून गप राहत, ते कोणाले सांगा नाही लागलं.

याडी उभीच होती. मंग हळूच वळली, होळीच्या निखाऱ्यांजवळ गेली. आपल्या हातानं गाठ सोडली, टोक निखाऱ्यांवर झटकलं. तिचे खांदे हलून राह्यलते. "झमकू," एवढंच आयकू आलं मले. परत आली तवा ओढणीचं ते रिकामं टोक तिनं मायासमोर धरलं. मी खेमसिंगले उचलून तिच्या कुशीत दिलं.

काठी हातातून गेली म्हणून का भूक लागली म्हणून, खेमसिंगनं तवा मात्र भोकाड पसरलं. साऱ्या तांड्याले आयकू जाईन असं. मी भुईवरची चुसनी उचलली, ओढणीनं पुसली अन् त्याच्या तोंडाकडे नेली, तं याडीनं माया हात धरला. नाक ओढत, रागावून, जशी आजवर रागावे तशीच.

"अवं, भूक लागली त्याले, दिसत नाही का तुले?" ती म्हणे. "पह्यले पाज. रबर मंग."